नोकरी सांभाळून बहुभाषिक शिक्षणाचं प्रमाणपत्र: प्रवेशापासून प्रकल्पापर्यंत

आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 'मातृभाषा' असा एक रकाना आहे. मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या या शाळेवर मी रुजू झाले, त्या वर्षी पहिलीच्या २३ मुलांचे प्रवेश मीच नोंदवले आणि त्या रकान्यात २३ वेळा 'मराठी' लिहिलं. वरच्या सगळ्या नोंदी तशाच होत्या, म्हणून मीही तसंच लिहीत गेले. त्यांतल्या १९ मुलांच्या घरी कोरकू बोलतात, हे मला दिवाळीच्या सुट्टीनंतर कळलं. तोवर ही मुलं बोलत नाहीत, लाजरी आहेत, त्यांची समज कमी आहे, असं मी केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, सांगत होते.

पुढे दोन वर्षांनी मी द्विभाषिक आणि बहुभाषिक शिक्षणाचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने केला. शाळा, घर, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामं हे सगळं सांभाळून केला. त्यात माझं एक पूर्ण सत्र वाया गेलं. ज्या गोष्टींमुळे ते गेलं, त्या मला आधी कोणी सांगितल्या असत्या तर फार बरं झालं असतं. म्हणून हे लिहिते आहे. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, आश्रमशाळेतले शिक्षक, अंगणवाडी ताई, संस्थांमधून गावात काम करणारी मुलं-मुली, अशा कोणालाही याचा उपयोग होईल.

१. हे प्रमाणपत्र काय देतं आणि काय देत नाही, ते आधी समजून घ्या

हे डी.एल.एड. किंवा बी.एड. नाही. त्यावर शिक्षकाची नोकरी लागत नाही, टीईटीतून (शिक्षक पात्रता परीक्षेतून) सूट मिळत नाही. वेतनवाढ मिळेल असं कोणी फोनवर सांगितलं, तर ते लेखी मागा. माझ्या ओळखीतल्या दोघींनी 'पुढे कामी येईल' एवढ्या आशेवर फी भरली आणि दुसऱ्या स्वाध्यायानंतर सोडून दिलं. तुमच्या वर्गात शाळेची भाषा न समजणारी मुलं असतील आणि त्यांना कसं शिकवायचं हा प्रश्न तुम्हाला खरोखर छळत असेल, तर मात्र हा अभ्यास करण्यासारखा आहे.

पैसे भरण्याआधी स्वतःची एक छोटी परीक्षा घ्या. लहान मुलांच्या पायाभूत वाचन-लेखन-गणितासाठीचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, त्या वेळी दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर शिक्षकांसाठी 'निष्ठा' हे प्रशिक्षण आलं होतं. त्याच्या १२ मॉड्यूलांपैकी एक प्राथमिक वर्गांतल्या बहुभाषिक शिक्षणावर आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ते 'पुढे' 'पुढे' दाबत संपवलं, मीही तसंच केलं होतं. ते आता वही घेऊन, थांबत थांबत पुन्हा करा. त्यातल्या एका तरी मुद्द्याला आपल्या वर्गातलं एखादं मूल डोळ्यांसमोर आलं, तर पुढे जा.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळांत रविवारी शिकवणाऱ्यांना असा अभ्यास खूप उपयोगी आहे. पण तिथल्या सरकारी शाळेत द्विभाषिक वर्गावर शिकवायचं असेल, तर त्या त्या राज्याचा शिक्षक परवाना आणि त्यावरची द्विभाषिक शिक्षणाची मान्यता लागते. भारतातल्या किंवा ऑनलाइन प्रमाणपत्राने ती मिळत नाही. आधी आपल्या राज्याच्या शिक्षण खात्याचे नियम वाचा.

२. अभ्यासक्रम निवडताना हे प्रश्न विचारा

नावात 'बहुभाषिक' असलं तरी आत काय आहे ते बघावं लागतं. काही अभ्यासक्रम उघडले की आत नुसतं इंग्रजी कसं शिकवावं एवढंच असतं. आपल्याकडे सेमी-इंग्रजीलाही लोक 'द्विभाषिक' म्हणतात, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. म्हणून पाठ्यक्रमाची पूर्ण यादी मागवा आणि फोन करून विचारा:

- प्रत्यक्ष वर्गात किंवा गावात करायचं काम किती आहे? त्याला किती गुण आहेत?
- स्वाध्याय आणि प्रकल्प मराठीत लिहिता येतो का? नियमात तसं लिहिलं आहे का?
- स्वाध्याय तपासून शेरे देऊन परत मिळतात, की फक्त गुण कळतात?
- संपर्कवर्ग कुठे, कोणत्या वारी? शाळेच्या दिवसांत असतील तर रजा कोणती लागेल?
- फी एकूण किती? प्रवेश, परीक्षा, प्रकल्प मूल्यमापन आणि प्रमाणपत्र हे सगळं वेगवेगळं सांगा.

यातला दुसरा प्रश्न सोडू नका. मी आधी ज्या ठिकाणी प्रवेश घेतला होता, तिथे माहितीपत्रकात 'मराठी/इंग्रजी' छापलं होतं. सत्राच्या मध्यावर कळलं, की मराठी स्वाध्याय तपासायला माणूसच नाही. माझे दोन स्वाध्याय तीन महिने पडून राहिले आणि शेवटी 'इंग्रजीत पाठवा' असा निरोप आला. ते सत्र तिथेच गेलं. मुलाला त्याच्या भाषेत शिकू द्या असं शिकवणारा अभ्यासक्रम शिक्षिकेला तिच्या भाषेत लिहू देत नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या ठिकाणी प्रवेश घेताना मी आधी ई-मेल करून लेखी उत्तर घेतलं आणि ते जपून ठेवलं.

३. कागदपत्रं

ही यादी माझ्या फाइलवरूनच देते. तुमच्या ठिकाणी एखादा कागद कमी-जास्त असेल.

- दहावी, बारावी आणि डी.एड./डी.एल.एड./बी.एड.च्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रं
- शाळा सोडल्याचा दाखला
- आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो
- फीमध्ये सवलत हवी असेल तर जातीचा दाखला व त्यासोबतचे कागद
- नावात बदल असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद
- मुख्याध्यापकांचं सेवेत असल्याचं पत्र
- कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र
- अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (जिथे आपले श्रेयांक जमा होतात) आयडी मागितला तर तो. डिजिलॉकरमधून काढता येतो

लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी इथे जास्त सावध राहा. माझी दहावी-बारावी माहेरच्या नावाने, डी.एड. सासरच्या नावाने आणि आधारवर मधलं नाव इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगने. ऑनलाइन अर्ज भरताना मी आधारप्रमाणे नाव टाकलं आणि पडताळणीत अर्ज अडकला. आधी आधार दुरुस्त करा, मग दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच नाव अर्जात टाका आणि बदलाचा पुरावा जोडा. प्रमाणपत्रावर जे नाव छापून येतं ते नंतर बदलून घ्यायला महिने लागतात.

४. परवानगी दोन ठिकाणची

पहिली कार्यालयाची. अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी अशा मार्गाने जातो. अर्जात एक वाक्य नक्की घाला, 'सदर अभ्यासक्रमामुळे शालेय कामकाजात कोणताही खंड पडणार नाही.' पोहोच घ्यायला विसरू नका. प्रवेशाची शेवटची तारीख ना-हरकतीसाठी थांबत नाही, म्हणून निदान दीड महिना आधी अर्ज द्या.

दुसरी परवानगी पालकांची, आणि माझ्या मते हीच जास्त महत्त्वाची. प्रकल्पासाठी तुम्ही मुलांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करणार, फोटो काढणार, त्यांच्या आजी-आजोबांच्या गोष्टी लिहून घेणार. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. आणि मग घरोघरी जाऊन सांगा, त्यांच्या भाषेत सांगणारं कोणी सोबत घेऊन. प्रकल्पात मुलांची खरी नावं लिहू नका.

या बैठकीत एका वडिलांनी मला विचारलं, "मॅडम, आम्ही कोरकूतच राहिलो म्हणून आज मजुरीला जातो. पोरीला मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा. कोरकू तर तिला येतेच." हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाणार. त्याला भाषेच्या अभिमानावरचं भाषण हे उत्तर नाही. त्या बापाचं म्हणणं अनुभवातून आलेलं असतं. मी त्यांना एवढंच सांगितलं, की मराठी चांगली यावी म्हणूनच कोरकूपासून सुरुवात करते आहे, सहा महिन्यांनी येऊन वही बघा. ते चार महिन्यांनीच आले.

५. अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आधी वर्गाच्या भाषा नोंदवून ठेवा

हे काम कोणी आधी करायला सांगत नाही. पण ते झालेलं असलं की पुढचे सगळे स्वाध्याय सोपे जातात. माझ्या मते सगळ्या अभ्यासाचा पाया हाच.

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक मुलाला दोन पानं द्या. 'तुझी मातृभाषा कोणती?' असं अजिबात विचारू नका. मुलं आणि पालक दोघंही 'मराठी' म्हणतात, कारण शाळेत हेच उत्तर चालतं असं त्यांना वाटतं. त्याऐवजी असं विचारा: आजीशी कशात बोलतोस? आई रागावते तेव्हा कशात बोलते? बैलाला हाक कशी मारता? आठवडी बाजारात दुकानदाराशी कशात? मोबाइलवर काय बघतोस? झोपेत बोलतोस तेव्हा? शेवटच्या प्रश्नावर मुलं खुदकन हसतात आणि मग मोकळेपणाने बोलायला लागतात.

प्रत्येक भाषेपुढे चार खुणा करा: ऐकून समजते, बोलता येते, वाचता येते, लिहिता येते. माझ्या वर्गात चित्र असं निघालं. घरी कोरकू. धारणीच्या बाजारात हिंदी, कारण मध्य प्रदेशाची हद्द जवळ. शाळेत मराठी. आणि पुस्तकात इंग्रजीही, कारण महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे सहा वर्षांच्या मुलासाठी माझी मराठी ही तिसरी भाषा होती. आणि मी स्वतः वऱ्हाडातली. माझ्या बोलण्यात 'काऊन', 'करून राह्यली' येतं, पुस्तकात ते नसतं. म्हणजे मुलांना माझी मराठी आणि पुस्तकाची मराठी अशा दोन मराठी ऐकू येत होत्या.

मग मुलांच्या 'चुका' लिहून काढा, दुरुस्त न करता, जशाच्या तशा. माझ्या वहीत 'माझा आई', 'पाणी आला', 'तो गाय' अशी दोन पानं भरली. कोरकू ही मराठीहून वेगळ्या, मुंडा कुळातली भाषा. मराठीसारखी पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग अशी विभागणी तिच्यात नाही. तिथे मुख्य भेद आहे सजीव आणि निर्जीव असा. आई, गाय, पाणी या शब्दांची तीन खोक्यांत वाटणी का करायची, हेच त्या मुलाला नवं असतं. लाल पेनने गोल करून ते कळत नाही.

उलट कोरकूत जे आहे ते मराठीत नाही. आपल्याकडे एकवचन आणि अनेकवचन एवढंच. कोरकूत दोनांसाठी वेगळं द्विवचन आहे. 'कोरो' म्हणजे माणूस. दोघं असले तर शेवटी 'किंग' लागतं, त्याहून जास्त असले तर 'कू'. 'कोरकू' हा शब्द म्हणजे मुळात अनेकवचन, माणसं. हे कळलं त्या दिवशी मी वर्गात तीन मुलांना पुढे उभं केलं, मग एकाला बसवलं, मग आणखी एकाला, आणि प्रत्येक वेळी मुलांनाच म्हणायला लावलं. एरवी मागच्या भिंतीला टेकून बसणारी एक मुलगी सगळ्यांच्या आधी उत्तर देत होती. मराठी व्याकरणाच्या तासाला ती असं कधीच बोलली नव्हती.

ही वही तुमच्याकडे असेल तर पहिल्या स्वाध्यायापासून तुमचं लिखाण इतरांपेक्षा वेगळं दिसेल.

६. वाचन: घाबरू नका, पण गाळूही नका

साहित्य बहुधा इंग्रजीतून येतं. मी रोज चारच पानं वाचायचे आणि त्यांचा सारांश मराठीत, आपल्या वर्गातलं एक उदाहरण घालून लिहायचे. उदाहरण सुचलं नाही तर समजायचं, की ते पान कळलेलं नाही. आमच्या गावात नेटवर्क शाळेच्या मागच्या टेकाडावरच येतं, म्हणून धारणीला गेले की सगळ्या पीडीएफ उतरवून ठेवायचे. तुमच्याकडेही तीच गत असेल तर ऑनलाइन तासांचं रेकॉर्डिंग मिळतं का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा.

काही गोष्टी मात्र पक्क्या करा.

पहिलं, कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला फरक. खेळताना, खिचडी मागताना लागणारी भाषा वेगळी आणि 'बाष्पीभवन म्हणजे काय ते लिही' याला लागणारी भाषा वेगळी. नव्या भाषेतली पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात. आपण काय करतो? तिसरीतलं मूल मैदानावर फडाफडा मराठी बोलताना ऐकतो आणि म्हणतो, याला आता मराठी येतं, मग परिसर अभ्यासात का मागे पडतो? पडतं ते याचमुळे.

दुसरं, कॅनडातला प्रयोग. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट इथे इंग्रजी घरांतल्या मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. मुलं फ्रेंच छान शिकली आणि त्यांची इंग्रजीही बिघडली नाही. याचा दाखला देऊन लोक म्हणतात, मग आपल्या मुलांना थेट इंग्रजी माध्यमात घातलं तर काय बिघडलं? तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न आला होता. तिथल्या मुलांची घरची भाषा समाजात वजनदार होती, तिला धोका नव्हता. शिक्षकांना मुलांची भाषा समजत होती. वर्गातली सगळीच मुलं फ्रेंचला सारखीच नवखी होती. पुढे इंग्रजीही शाळेत शिकवली गेली. कोरकू मुलाच्या बाबतीत यातलं एकही नाही. त्याची भाषा न समजणारी शिक्षिका, न समजणारं पुस्तक, आणि घरच्या भाषेला शाळेत जागाच नाही. एका मुलाला पोहायला शिकवलं आणि दुसऱ्याला पाण्यात ढकलून दिलं, इतका हा फरक आहे. तो नीट लिहिता आला पाहिजे.

तिसरं, आपल्या देशातला अनुभव. आंध्र प्रदेशाने २००४ मध्ये आठ आदिवासी भाषांत आणि ओडिशाने २००७ मध्ये दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. परदेशातल्या दहा संशोधनांपेक्षा हे दोन कार्यक्रम बारकाईने वाचा, कारण तिथले प्रश्न आपलेच आहेत: त्या भाषेतला शिक्षक कुठून आणायचा, पुस्तक कोणत्या लिपीत छापायचं, राज्यभाषेकडे कधी आणि कसं न्यायचं.

कायदा आणि धोरण थोडक्यात: संविधानाचं कलम ३५०-क (भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय), शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २९ (त्यात 'शक्य तोवर' मातृभाषेतून असे शब्द आहेत, ते विसरू नका), आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधली निदान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाची शिफारस. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून जास्त भाषक असलेल्या १२१ भाषा मोजल्या गेल्या. त्यांतल्या २२ संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, ९९ बाहेर. कोरकू त्या ९९ मधली, सुमारे ७ लाख २७ हजार भाषकांची.

महाराष्ट्रातला ताजा वादही माहीत हवा. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, जूनमधला सुधारित निर्णय, आणि २९ जून २०२५ ला दोन्ही मागे घेण्याची घोषणा. त्या तीन महिन्यांत मराठीसाठी माणसं पोटतिडकीने बोलली आणि ते योग्यच होतं. पण ज्या मुलांना मराठी हीच दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, त्या कोरकू, गोंडी, माडिया, भिल्ली, कोलामी मुलांचं नाव मला त्या चर्चेत फारसं ऐकू आलं नाही. मराठीवर प्रेम करणाऱ्या आपणच ते घ्यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

७. स्वाध्याय लिहिताना

'तुमच्या वर्गातील भाषिक विविधतेचे वर्णन करा' हा बहुधा पहिला स्वाध्याय असतो. मी त्यात व्याख्या, जनगणना, कलमं असं सगळं भरून अकरा पानं लिहिली. परत आली तेव्हा शेवटी निळ्या शाईत एकच ओळ होती, 'यात मुलं कुठे आहेत?' मग मी वहीतल्या तीन मुलांबद्दल लिहिलं, पाच पानांत, आणि तो माझा सगळ्यात चांगला स्वाध्याय ठरला.

बाजारात मिळणारे तयार स्वाध्याय घेऊ नका. पकडले जाल ही भीती आहेच, पण मुख्य म्हणजे तुमच्या वर्गाबद्दलची ओळ त्यात असूच शकत नाही. उत्तराच्या प्रत्येक भागात एक सिद्धान्त, एक प्रसंग आणि 'उद्या मी काय वेगळं करीन' एवढं आलं की पुरे. पोस्टाने पाठवत असाल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

वेळेचं म्हणाल तर मला रोज पहाटेचा एक तास आणि रविवारचे तीन तास लागले. मार्च-एप्रिलमध्ये शाळेच्या मूल्यमापनाचं काम अंगावर येतं, म्हणून त्या महिन्यांत देय असलेले स्वाध्याय फेब्रुवारीतच संपवा.

८. प्रकल्प: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

पहिली चूक म्हणजे मराठी पाठ्यपुस्तकातला धडा उचलून घरच्या भाषेत भाषांतर करणं. माझा पहिला प्रयत्न तोच होता. अंगणवाडी ताईंच्या मदतीने मी एका कवितेचं कोरकू भाषांतर केलं. मुलांनी ते शांतपणे ऐकलं आणि बस. शब्द त्यांचे होते, पण त्यातलं जग त्यांचं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला उलटं केलं. वर्गातल्या एका मुलाच्या आजीला शाळेत बोलावलं. मोहाची फुलं वेचायला गेलेल्या दोन बहिणींची गोष्ट तिने सांगितली. मी फोनवर रेकॉर्ड केली, घरी ऐकत ऐकत देवनागरीत उतरवली आणि दुसऱ्या दिवशी ताईंना वाचून दाखवली. त्यांनी दुसऱ्याच ओळीला थांबवलं. बहिणी दोन होत्या आणि मी प्रत्येक ठिकाणी शेवटी 'कू' लिहून ठेवलं होतं. "दोघीच आहेत ना मॅडम, मग 'किंग' पाहिजे." रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं तर आजी तसंच म्हणत होती. माझ्या मराठी कानाला तो फरक ऐकूच आला नव्हता. म्हणून उतरवलेला मजकूर त्या भाषेच्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गोष्टीचं मोठं पुस्तक केलं: कार्डशीटची आठ पानं, चित्रं मुलांची, वर कोरकू ओळ, खाली मराठी. पहिला आठवडा फक्त कोरकू ऐकणं आणि सांगणं. दुसऱ्या आठवड्यात ओळखीचे शब्द वाचणं. 'डा' म्हणजे पाणी, हा शब्द तर माठावरच चिकटवला होता, त्यामुळे तो सगळ्यांना वाचता यायला लागला. तिसऱ्या आठवड्यापासून तीच गोष्ट मराठीत, कारण आता काय घडतं ते मुलांना माहीत होतं, शिकायची होती फक्त भाषा. मुलं कोरकूत सुरू करून मराठीत वाक्य संपवायची, मी थांबवलं नाही. दोन भाषा अशा एकत्र वापरू देण्याला अभ्यासक्रमात ट्रान्सलँग्वेजिंग म्हणतात. वेल्स देशातल्या वर्गांवरून केन विल्यम्स (Cen Williams) यांनी १९९४ मध्ये ही कल्पना मांडली.

प्रकल्पासाठी हे जवळ ठेवा: रेकॉर्डिंग करता येईल असा फोन आणि जास्तीचं मेमरी कार्ड, कार्डशीट, जाड स्केच पेन, तारीखवार नोंदवही, पालकांच्या संमतीचे कागद, आणि सुरुवातीचे व शेवटचे मुलांच्या बोलण्याचे नमुने. सुरुवातीचे नमुने घ्यायला विसरलात तर शेवटी फरक दाखवता येत नाही. माझी एक सोबतीण याच कारणाने गुण गमावून बसली.

शब्दांचं लेखन कसं करायचं यावर गावात मतं वेगळी असतात. नदीपलीकडच्या गावात उच्चार बदलतो. 'शुद्ध कोणतं' हा वाद अंगावर घेऊ नका. आपल्या मुलांच्या गावात जसं बोलतात तसं लिहा आणि प्रकल्पात दुसरं रूप तळटीप म्हणून द्या. ज्या आजींनी गोष्ट सांगितली, त्यांना पुस्तकाची एक प्रत घरी नेऊन द्या.

९. परीक्षा, तोंडी आणि नंतरचं

लेखी परीक्षेत फार अडचण येत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर दोन सोडवा, वेळ लावून. तोंडीला प्रकल्पाची वही आणि मोठं पुस्तक सोबत न्या. पुस्तक टेबलावर ठेवलं की अर्धे प्रश्न त्यावरच येतात.

निकाल लागला की प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आणि ना-हरकतीची प्रत जोडून सेवापुस्तकात नोंद घेण्यासाठी अर्ज करा. ही नोंद आपोआप होत नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत वीस मिनिटं मागून घ्या आणि मोठं पुस्तक तिथे वाचा, कारण शेजारच्या शाळेतही तीच मुलं आहेत.

जनरल रजिस्टरमधल्या जुन्या नोंदींवर स्वतः खाडाखोड करू नका, त्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागते. नवे प्रवेश आणि यू-डायसमधला (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला) मातृभाषेचा तपशील मात्र दरवर्षी आपल्याच हातात असतो. जूनमध्ये पालक समोर बसले की आधी 'आजीशी कशात बोलतो?' हा प्रश्न विचारा, मग पेन उचला. यंदा आमच्याकडे १७ प्रवेश झाले: १४ कोरकू, २ हिंदी, १ मराठी.